पसाटचे आवाज ओळखणारी बाई

गिफहॉर्न गावाबाहेर, वोल्फ्सबुर्गकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून ल्युडेके यांचं जुनं गॅरेज आहे. तिथे पसाट सोडून दुसरी गाडी सहसा दिसत नाही. त्या भागात घरटी एक माणूस पसाट बनवणाऱ्या वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात, आणि निम्म्या घरांपुढे कधी ना कधी पसाट उभी राहिलेली. कुणाची वडिलांकडून आलेली, कुणी निवृत्त होताना घेतलेली, कुणाची नुसतीच विकायची राहून गेलेली. अशा गाड्यांचं काही बिनसलं की लोक ल्युडेकेंकडे येत. पण आवाज येतोय आणि कुठून येतोय ते कळत नाही, अशी तक्रार असली तर फोनवर एवढंच विचारत, "दांडेकर बाई आहेत का?"

दांडेकर बाई म्हणजे उल्का. माहेर सांगलीचं, भौतिकशास्त्राची पदवी, आणि नवरा दत्तात्रय वोल्फ्सबुर्गला इंजिनिअर. लग्नानंतर ती जर्मनीत आली ते १९९९ साल. तिच्या पदवीचं इथे काय करायचं हे कुठल्याच सरकारी खिडकीवर कुणाला सांगता येईना. जर्मनचे क्लास झाले, आणखी क्लास झाले. शेवटी ओळखीतून ल्युडेकेंच्या गॅरेजमध्ये फोन घेण्याचं काम मिळालं. सकाळी आठ ते बारा.

फोनवर लोक आवाजांची वर्णनं करत. जर्मन माणूस म्हणे, गाडी 'क्लापर्ट' करते. म्हणजे वाजते. पण वाजते म्हणजे काय? उल्काचं जर्मन तेव्हा बेताचंच होतं, त्यामुळे ती लोकांना आवाज काढूनच दाखवायला सांगायची. लोक लाजायचे, मग काढायचे. आणि ती वहीत आपल्या भाषेत लिहून घ्यायची, कारण तिथे शब्दांना तोटा नव्हता. खडखड म्हणजे दोन टणक वस्तू एकमेकींवर आपटताहेत. खुळखुळ म्हणजे पोकळीत काहीतरी सुटं पडलंय. कुरकुर म्हणजे प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक घासतंय. करकर म्हणजे रबर वाळलंय. आणि भुणभुण, जी वेगाबरोबर चढत जाते आणि वळणावर बदलते, ती चाकाच्या बेअरिंगची. महिना-दोन महिन्यांत अशी वेळ आली की गाडी दारात यायच्या आधीच ती मेकॅनिकला सांगायची, मागच्या उजव्या दाराच्या आत बघा, काहीतरी सुटलंय. आणि सुटलेलं असायचं.

ल्युडेके उंच, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी एक दिवस फोन बाजूला ठेवायला लावला आणि तिला एका गाडीत बसवून गावाबाहेर चक्कर मारली. परत आल्यावर म्हणाले, "उद्यापासून फोन माझी बायको घेईल."

तेव्हापासून वीस वर्षं उल्का आवाज शोधत होती. गळ्यात मेकॅनिकचा स्टेथोस्कोप, खिशात काळ्या फेल्टच्या पट्ट्या, जिथे दोन भाग घासत असतील तिथे चिकटवायला. गॅरेजमधल्या जर्मन पोरांनी तिचे शब्दही उचलले. 'खुळखुळ' त्यांच्या तोंडी 'कुलकुल' झालं आणि कामाच्या कागदांवर रोमन लिपीत चढलं.

पसाटचा सगळा इतिहास ती अशी आवाजांतूनच शिकली. पहिली पसाट १९७३ची. पाठीमागे हवेवर थंड होणारं इंजिन बसवून जगभर नाव कमावलेल्या कंपनीने इंजिन पुढे आणलं, पाण्याने थंड केलं आणि गाडीला एका वाऱ्याचं नाव दिलं. ती गाडी मागून उतरती होती, डिकी वेगळी अशी उठून दिसत नसे. अशी एकच गाडी गॅरेजला यायची, एका दंतवैद्याची, आणि तिचं दार लावलं की रिकाम्या डब्यावर टिचकी मारल्यासारखं वाजे. दुसऱ्या पिढीत खरी डिकीवाली सेडान आली, पण तिला इथे आधी वेगळंच नाव होतं, सान्ताना. ते लोकांच्या तोंडी बसेना, म्हणून १९८५ला तीही पसाट झाली. १९८८च्या तिसऱ्या पिढीला पुढे जाळीच नव्हती. लोक म्हणाले, बिननाकाची गाडी. पाच वर्षांनी नाक परत आलं. १९९६ला छताला ती सुंदर गोलाई आली आणि आडवं बसवलेलं इंजिन पुन्हा गाडीच्या लांबीत, उभं झालं. २००५ला ते पुन्हा आडवं झालं, आणि हँडब्रेकच्या दांड्याच्या जागी बटण आलं. त्या बटणाचा घुंईंऽ असा बारीक आवाज हा बिघाड नाही, हे उल्काने त्या वर्षी किती लोकांना समजावलं असेल याला गणती नाही.

तिचा जीव होता तो सेडानवर. लांब पाठीच्या व्हेरियंटमध्ये सामानाची जागा आणि माणसांची जागा एकच असते, मागचे सगळे आवाज पुढे येतात, त्यात काहीही मिसळून जातं. सेडानची डिकी भिंतीपलीकडे. आतली खोली शांत. आणि शांत खोलीतच बारीक आवाज कळतो. २०२३ला नवी पिढी आली ती फक्त व्हेरियंट. सेडान इथे बंदच झाली. दत्तात्रय घरी येऊन म्हणाला, "संपली गं तुझी गाडी." ती म्हणाली, "रस्त्यावर आहेत तोवर वाजतीलच की."

पुढच्या वर्षी मार्चमध्ये हेर, म्हणजे श्रीयुत, ब्रांडेस आले. वय एक्याऐंशी, निवृत्त भूगोल शिक्षक, एकटे राहणारे. गाडी १९९१ची, गडद हिरवी, बिननाकाची सेडान, नवीकोरी घेतल्यापासून त्यांच्याकडेच. म्हणाले, वेग सत्तरच्या पुढे गेला की शिट्टी ऐकू येते. फार बारीक. कुणीतरी दातांच्या फटीतून श्वास आत ओढावा तशी.

उल्काने गाडी काढली. वीस मिनिटं जाऊन-येऊन, खिडक्या बंद, पंखा बंद, रेडिओ बंद. इंजिन ऐकलं, टायर ऐकले, वारा ऐकला. शिट्टी नव्हती. परत येऊन तिने कागदावर लिहिलं, 'आवाज आढळला नाही.' मग म्हातारा माणूस, तोंडावर कसं बोलायचं, म्हणून फार मऊ आवाजात म्हणाली, "हेर ब्रांडेस, गाडी शांत आहे. एकदा कान दाखवून घ्या. वय झालं की कधीकधी कानच शिट्टी वाजवतात."

त्यांनी काउंटरवरची किल्ली उचलली. मग मान हलवून म्हणाले, "असेल. तसंही असेल." आणि निघून गेले.

सात आठवड्यांनी ते पुन्हा आले. खिशातून घडी केलेला कागद काढून त्यांनी काउंटरवर पसरला. कानाच्या डॉक्टरचा तपासणी अहवाल होता. "डॉक्टर म्हणतात, माझ्या वयाच्या मानाने माझे कान फार चांगले आहेत. तेव्हा आता शिट्टी कोण वाजवतंय ते बघू या का?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे उल्काला जास्तच ओशाळल्यासारखं झालं. ल्युडेके म्हणाले, मीही येतो. तिघं निघाले. उल्का चालवायला, शेजारी ब्रांडेस, मागे ल्युडेके. गाव संपलं, शेतं लागली. काटा सत्तरवर गेला, पंचाहत्तरवर गेला.

ब्रांडेसांनी एक बोट वर केलं. "आता."

मागून ल्युडेके म्हणाले, "हो. आहे."

उल्का कान देऊन ऐकत होती. इंजिन होतं, टायर होते, वारा होता. त्यापलीकडे काहीच नव्हतं.

"कुठून येतेय?" तिने विचारलं.

 आरशात ल्युडेकेंचे डोळे तिला दिसले. "डावीकडून, उल्का. आरशाच्या बुडाशी. तुझ्या कानाच्या अगदी शेजारी."

तेहेतीस वर्षांचं रबर वाळून त्याला केसाएवढी चीर गेली होती. त्यातून वारा आत शिरत होता. ल्युडेकेंनी अर्ध्या तासात ते बदललं. उल्का ऑफिसात बसून राहिली. ब्रांडेस जाताना दारातून वाकून "बरं झालं, सापडली" म्हणाले, तेव्हा तिला त्यांच्याकडे बघून नीट हसताही आलं नाही.

घरी आल्यावर तिने चहा ठेवला आणि दत्तात्रयला विचारलं, "अहो, आपला मायक्रोवेव्ह वाजतो का हो?"

तो पेपर वाचत होता. त्याने पेपर खाली ठेवला. "वाजतो. तू दोन वर्षं मला सांगतेयस की त्याची घंटी बिघडलीय."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मला वाटलं तुला माहीत असेल," तो म्हणाला. "तुला सगळ्यांआधी ऐकू येतं, उल्का. तुला कसं सांगायचं की तुला ऐकू येत नाही?"

मग एकेक गोष्टी तिच्या ध्यानात येऊ लागल्या. जुन्या गाडीत वळताना इंडिकेटरची टिकटिक हल्ली येत नसे, आणि ती मनाशी म्हणायची, टिकटिक करणारा रिले जुना झाला असेल. बागेतले पक्षी कमी झालेत असं ती शेजारणीला सांगत होती. फोनवर लोक स आणि फ सारखेच उच्चारतात म्हणून जर्मनांच्या आळशी जिभेला नावं ठेवत होती. प्रत्येक गोष्टीला तिच्याकडे कारण तयार होतं. दुसऱ्यांच्या गाडीतला दोष फोनवरूनसुद्धा ओळखणारी ती, स्वतःच्या बाबतीत दोन वर्षं 'आवाज आढळला नाही' असंच लिहीत आली होती.

ब्राउनश्वाइगच्या डॉक्टरांनी तिला काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावले. ऐकू आलं की बटण दाबा. आधी तिने भराभर दाबलं. मग शांतता पसरली. किती वेळ गेला कोण जाणे. काचेपलीकडची मुलगी काहीतरी करत होती, अधूनमधून हिच्याकडे बघत होती, आणि उल्काला कळलं की आत्ता आवाज चालू आहेत. ते माझ्यासाठी वाजताहेत आणि मला येत नाहीयेत. अंगठा बटणावर तसाच राहिला.

आलेखाची रेघ डावीकडून बरीच सपाट गेली होती आणि उजवीकडे येऊन एकदम उतरली होती. तिला त्या दंतवैद्याच्या पहिल्या पसाटची पाठ आठवली. डॉक्टर म्हणाल्या, खालचे स्वर उत्तम आहेत, वरचे गेलेत. चोपन्नाव्या वर्षी जरा लवकर आहे, पण होतं. गेलेलं परत येत नाही, उपकरणाने काम भागतं.

त्या संध्याकाळी तिने मुलीला फोन केला. ईप्सिता हायडेलबर्गला शिकत होती. लहानपणी ती घरात मराठी बोलायची, पण गेली काही वर्षं आईच्या मराठीला जर्मनमध्ये उत्तर द्यायची. इथल्या सगळ्यांच्या घरी तेच, म्हणून उल्कानेही फारसं मनावर घेतलं नव्हतं. तिने तपासणीचं सांगितलं. 

मग ईप्सिता सावकाश, एकेक शब्द सुटा करत मराठीत म्हणाली, "आई, म्हणून तू मला सारखं 'काय?' म्हणायचीस का?"

"कधी?"

"नेहमी. मी मराठी बोलले की तू म्हणायचीस, 'काय? काय म्हणालीस?' बाबा नाही म्हणायचे. तू म्हणायचीस. मला वाटलं माझं मराठी इतकं वाईट झालंय की माझ्या आईलाही कळत नाही. जर्मनमध्ये मी मोठ्याने आणि स्पष्ट बोलते, ते तुला कळायचं. मग मी तेच ठेवलं."

उल्काने फोन दुसऱ्या कानाला लावला.  म्हणाली, "तुझं मराठी छान आहे गं."

"छान नाहीये," ईप्सिता म्हणाली. "पण ठीक आहे."

दुसऱ्या दिवशी ती ल्युडेकेंच्या समोर जाऊन बसली आणि आलेख पुढे ठेवला. म्हणाली, मी पुन्हा फोन घेते. गाड्यांवर दुसरा माणूस बघा.

ल्युडेकेंनी कागद उलटसुलट करून पाहिला. "फोन तर सगळ्यात कठीण. तिथे तुला काहीच ऐकू येणार नाही." मग उठून त्यांनी ऑफिसचं दार लावलं, जे ते कधी लावत नसत. "मला तीन वर्षं पेट्रोलचा वास येत नाही. कोविड झाला तेव्हापासून. जळलेल्या वायरचाही येत नाही. मी कुणाला बोललो नाही. गाडीजवळ गेलो की सहज विचारल्यासारखं पोरांना विचारतो, कसला वास येतोय रे? ते सांगतात. त्यांना वाटतं मी त्यांची परीक्षा घेतोय."

उल्काने टेबलावरचा आलेख हळूच आपल्याकडे ओढला. तीन वर्षं ती याच माणसाच्या शेजारी काम करत होती.

"आधी उपकरण घे," ते म्हणाले. "मग बघू."

पण त्याआधी तिला ब्रांडेसांकडे जायचं होतं. शनिवारी दुपारी ती रव्याचा केक घेऊन त्यांच्या घरी गेली. त्यांनी कॉफी केली. तिने सरळच सांगितलं, चूक माझ्या कानांची होती आणि मी ती तुमच्यावर ढकलली.

ब्रांडेस म्हणाले, "तुमचं बोलणं मी खरं मानलं. तुमचं या गावात नाव आहे ना. मी चर्चच्या गायनात एकेचाळीस वर्षं गातोय, टेनर, वरच्या पट्टीतला. वाटलं, नसलेली शिट्टी ऐकणारा कान सूर काय ऐकणार? दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला. कारण सांगितलं नाही, गुडघे दुखतात म्हणालो."

उल्काने कप खाली ठेवला. "मी त्यांच्याशी बोलू का? मी सांगते त्यांना."

"नको. मी परत गेलोय. ईस्टर तेवढा चुकला."  "ईस्टरला चर्चमध्ये बाकावर बसून ऐकलं. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा समोरून ऐकलं. आमचे बास, ते खालच्या पट्टीतले, फार मोठ्याने गातात, हे मला कधी कळलंच नव्हतं."

ते हसले, म्हणून तीही हसली. पण परतताना गाडीत बसल्यावर तो चुकलेला ईस्टर तिच्या मनातून जाईना. एक्याऐंशीव्या वर्षी एक ईस्टर म्हणजे काही थोडी गोष्ट नव्हे.

उपकरण आलं ते जूनमध्ये. बसवणारी बाई, फ्राऊ इमकेन, तरुण आणि उत्साही होती. लावल्याबरोबर उल्काला स्वतःच्या साडीचा आवाज आला. कागद उलटला तर तो चुरचुरला. बाहेर आली तर झाडावर पक्षी होते, जिथे होते तिथेच. तिला रडू आलं आणि ते थोडा वेळ तसंच येऊ दिलं.

पण सोमवारी गाडीत बसली तर वेगळंच. इंजिन लांब गेलेलं, रस्ता गायब, वारा कापसात गुंडाळलेला. उपकरणाचं कामच ते होतं. गोंगाट दाबायचा, माणसांचं बोलणं वर आणायचं. ती परत फ्राऊ इमकेनकडे गेली.

"मला गोंगाट हवाय," तिने सांगितलं. "माणसं कमी ऐकू आली तरी चालतील."

फ्राऊ इमकेनला असं म्हणणारं गिऱ्हाईक आजवर भेटलं नव्हतं. तिने आधी समजावून पाहिलं, मग तिलाच उत्सुकता वाटू लागली. एका गुरुवारी ती लॅपटॉप घेऊन १९९७च्या एका सेडानमध्ये उल्काच्या शेजारी येऊन बसली. दोघी कालव्याच्या कडेच्या रस्त्याने जात-येत राहिल्या. गोंगाट दाबणारी एकेक सोय काढून टाकत, थांबत, पुन्हा निघत. फ्राऊ इमकेन विचारी, आता? उल्का म्हणे, अजून सगळं पत्र्याच्या छपराखाली बसल्यासारखं. आता? आता टायर आले. आता?

तीन तासांनी उल्का म्हणाली, "सीटबेल्टच्या वरच्या कडीपाशी. किणकिण." फ्राऊ इमकेनने हात वर करून कडी धरली आणि आवाज थांबला. ती कडीकडे आणि मग लॅपटॉपकडे बघत राहिली. त्या जुळणीला तिने उपकरणात नाव दिलं, 'पसाट'.

तरी पूर्वीसारखं झालं नाही. पूर्वी आवाज कुठून येतो हे तिला आपोआप समजायचं, आता शोधावं लागे. दिशा चुकायची. पाऊस असला की सगळं एक व्हायचं. दिवसाला चार गाड्या व्हायच्या तिथे दोन होऊ लागल्या. काही गाड्यांना तिने आधी हात लावायची सवय केली. तळवा डॅशबोर्डवर ठेवायचा, दाराच्या कडेवर ठेवायचा, कंप कुठे जास्त लागतो ते बघायचं. ल्युडेकेंनी त्या वर्षी घ्यायची ठरवलेली निवृत्ती पुढे ढकलली. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. त्यांच्याशेजारून जाताना मात्र ती हल्ली मधूनच म्हणे, "हेर ल्युडेके, इथे पेट्रोलचा वास येतोय." ते मान हलवून तिकडे वळत.

कामाच्या छापील कागदावर 'आवाज आढळला नाही' अशी एक ओळ होती. ती तिने ऑफिसात बसून बदलून घेतली. आता तिथे छापलेलं असे, 'आमच्या तपासनीसाला आवाज ऐकू आला नाही. कृपया सोबत येऊन दाखवा.'

या वसंतात एक बाई शेवटच्या सालातली सेडान घेऊन आल्या. राखाडी, जेमतेम चार वर्षांची, कारखान्यात नोकरी करणाऱ्या नवऱ्याने हट्टाने मिळवलेली. पाठीमागे काहीतरी वाजतं म्हणाल्या. उल्काने एकटीने चक्कर मारली, काही लागलं नाही. परत येऊन तिने शेजारचं दार उघडून धरलं.

"तुम्ही बसा. मला नाही आलं, पण तुम्हाला येतंय ना, मग आहे. जिथे येईल तिथे बोट वर करा."

बाई संकोचल्या. "मला गाड्यांतलं काही कळत नाही हो."

"कळायला नको. ऐकायचं फक्त."

त्या निघाल्या. गाव मागे पडलं. मोहरीची शेतं पिवळी झाली होती. बाई आधी बोलत होत्या, मग हळूहळू गप्प झाल्या, मान जराशी मागे वळवून बसल्या. डांबराचा जुना, उखडलेला पट्टा आला तसं त्यांनी बोट वर केलं. उल्काने वेग तसाच ठेवला, डावा हात स्टिअरिंगवर, आणि उजवा मागे नेऊन सीटच्या पाठीवर टेकवला.

"अजून आहे?"

"आहे," बाई म्हणाल्या. "उजवीकडे. मागच्या काचेखाली."

उल्काने पुढच्या फाट्यावर गाडी वळवली आणि तोच पट्टा पुन्हा घेतला.